दुकानदारहो, फोन आत्याच्या हातात द्या

प्रति,
बडोद्यातले सर्व मोबाइल विक्रेते, शोरूमचे व्यवस्थापक आणि सर्व्हिस सेंटरचे प्रमुख

स. न. वि. वि.

शहरातल्या एका मोठ्या शोरूमने दिवाळीनंतर काउंटरवर पाटी लावली आहे. गुजरातीत आणि इंग्रजीत. मजकूर साधारण असा, की दिव्यांग आणि वयस्कर ग्राहकांनी सोबत घरचं माणूस आणावं, नव्या फोनचा सेटअप त्या माणसाकडूनच करून घ्यावा, दुकान त्यात पडणार नाही. शोरूमचं नाव मी घेत नाही. पाटी एकाने लावली, पण पाटी न लावता हाच नियम चालवणारी दुकानं रावपुऱ्यात आहेत, अलकापुरीत आहेत, मांजलपूरलाही आहेत. म्हणून पत्र सगळ्यांना.

यात माझा संबंध काय, ते आधी सांगते. माझी आत्या दांडिया बाजारात राहते. सत्तरी ओलांडली आहे. तिला अशर सिंड्रोम आहे. यात ऐकू जन्मापासून कमी येतं आणि डोळ्याचा पडदा वर्षानुवर्षं थोडा थोडा निकामी होत जातो. तिला आधी दिवेलागणीनंतरचं दिसेना, मग कडेचं दिसेना, मग समोरचं तेवढं राहिलं आणि आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीची ती जुनी सभासद. शेवटची काही वर्षं पुस्तक नाकाला लावून वाचायची. ब्रेल शिकायचं राहूनच गेलं. दोन्ही कानांमागे यंत्रं आहेत. शांत खोलीत, डाव्या बाजूला बसून, सावकाश बोललं तर ती ऐकते. पंखा लावला की निम्मं हुकतं. तिचा पहिला स्मार्टफोन आम्ही दोघींनी नवरात्रीच्या ऑफरमध्ये घेतला. त्या खरेदीत आणि नंतरच्या आठवड्यांत जे पाहिलं, त्यावरून हे लिहिते आहे.

"बेन, बाने स्मार्टफोननी शी जरूर?" (ताई, आजींना स्मार्टफोनची काय गरज?) हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक काउंटरवर झाला. काहींनी दया म्हणून विचारला, काहींनी वेळ वाचवायला. उत्तर एकदाच नीट देऊन टाकते, म्हणजे पुढच्या ग्राहकाला द्यावं लागणार नाही.

बटणांच्या फोनवर आत्याला फोन येतो, समोरचा बोलतो आणि बोललेलं निघून जातं. हुकलं ते हुकलं. माणूस दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढतो, चौथ्यांदा तो "जाऊ दे, नंतर बोलू" म्हणतो. स्मार्टफोनवर तेच बोलणं लिहून येतं आणि टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, ते वाचून दाखवतो. हव्या त्या वेगाने आणि हवं तितक्या वेळा. शिवाय हा आवाज आपल्याला घडवता येतो. तिच्यासारख्या बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, म्हणून स, श, फ ही अक्षरं तिच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. 'साठ' आणि 'आठ' तिला सारखेच. पण टॉकबॅकच्या आवाजाची पट्टी खाली आणली, वेग कमी केला आणि तो थेट श्रवणयंत्रात सोडला, तर ती साठ आणि आठ वेगळे ओळखते. तरीही शंका आली तर बोटाने एकेक अक्षर करून ऐकते. सख्ख्या भाचीच्या आवाजापेक्षा तिला या यंत्राचा आवाज जास्त कळतो, हे मला सुरुवातीला थोडं लागलंही. तर जरूर ही आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा तिला जास्त आहे.

आता तक्रारी.

पहिली, तुमची मुलं तिच्याशी बोलतच नाहीत. पैसे तिचे, पेन्शन तिची, फोन तिचा, पण "बाला कुठला रंग हवाय?" हे मला विचारतात. रंगाचं एक वेळ असू दे. बजेट, गॅरंटी, सिम कुणाच्या नावावर, सगळं माझ्याशी. ती मध्ये उभी.

दुसरी तक्रार याच्या उलट बाजूची आहे. जे बोलतात ते ओरडतात. ओरडल्याने तिला जास्त कळत नाही. यंत्रात आवाज फाटतो, एवढंच होतं. आणि मुख्य म्हणजे जे कानात सांगायचं ते चव्हाट्यावर येतं. नवरात्रीची गर्दी, बाहेर स्पीकरवर गरबा, आणि आतला मुलगा तिच्या कानाशी ओरडतोय, "बा, पासवर्ड शू राखवो छे?" तिने सांगितला. ज्याला ऐकू कमी येतं तो स्वतःही मोठ्याने बोलतो, हे त्या मुलाच्या गावीच नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांना तिचा पासवर्ड कळला. घरी आल्यावर पहिलं काम तो बदलण्याचं होतं, आणि तिथून तिसरी तक्रार सुरू होते.

बदलता येईना. कारण फोनमधलं गूगल खातं आत्याचं नव्हतंच. मुलाने घाईत नवं खातं उघडलं होतं, त्यात रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर घातला होता आणि जन्मतारीख मनाला येईल ती. तिचे संपर्क, तिचे फोटो, सगळं एका परक्या मुलाच्या नंबराशी बांधलेलं. त्याचा हेतू वाईट नव्हता हे मी मानते. तुमच्या बहुतेक काउंटरवर असंच होतं आणि डोळस गिऱ्हाईकही कधीतरी यात अडकतं. पण डोळस माणूस पडद्यावर दुसऱ्याचा नंबर बघून निदान विचारू तरी शकतो. आत्याला ते कळायला मार्गच नव्हता, कारण पूर्ण सेटअप टॉकबॅक बंद ठेवून झाला होता.

चौथी तक्रार सर्व्हिस काउंटरची, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात गंभीर. टॉकबॅक सुरू असताना फोन वेगळा वागतो. एकदा टेकलं की बोटाखाली काय आहे ते बोलतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो, पान सरकवायला दोन बोटं लागतात. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं पडदा अडकला. चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून आत्याचा फोन दाखवायला नेला, तर काउंटरवरच्या माणसाने पडद्यावर बोटं आपटून पाहिली, "आ तो हँग थई गयो छे" म्हणाला, आत नेला आणि फॅक्टरी रीसेट करून आणून दिला. पिन तशीच सैल. आवाजाची पट्टी, वेग, श्रवणयंत्राची जोडणी, मुख्य पडद्यावर चार कोपऱ्यांत बसवलेली चार ॲप, जे जे तिच्या बोटांना पाठ झालं होतं ते सगळं गेलं. माणसाच्या घरातलं सामान त्याला न विचारता हलवावं आणि त्याला आंधळा म्हणून दोष द्यावा, तसला हा प्रकार.

पाचवी, माल दाखवण्याची. बोटाच्या ठशाचा सेन्सर पडद्याखाली असेल तर आंधळ्या माणसाला तो सापडत नाही. गुळगुळीत काचेवर नेमकी जागा कशी कळणार? पॉवर बटणातच सेन्सर असलेला फोन हवा, हे मी सांगेपर्यंत कुणी सुचवलं नाही. श्रवणयंत्राचं तर विचारूच नका. अँड्रॉइडने २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, श्रवणयंत्रात थेट आवाज पाठवायची सोय आणली, पण ती प्रत्येक फोनमध्ये असतेच असं नाही, आणि प्रत्येक यंत्रही प्रत्येक फोनशी जुळत नाही. मी विचारलं तर उत्तर, "ब्लूटूथ आहे ना बेन, बस." ब्लूटूथ असणं वेगळं आणि यंत्र जुळणं वेगळं. जोडून बघा म्हटलं तर, "डब्बा उघडला की परत नाही घेणार."

बारीकसारीक आणखीही आहे. लॉक पडद्यावर जाहिराती दाखवणारी सोय सुरूच ठेवून फोन देणं, कानाच्या स्पीकरची जाळी अर्धी झाकणारी काच लावणं, भारी म्हणून पुढे झाकण असलेलं कव्हर गळ्यात मारणं. यावर वेळ घालवत नाही.

नीट सेटअप कसा होतो ते मात्र सविस्तर लिहिते, कारण "आम्हाला हे येत नाही" हे उत्तर मला खरंच प्रामाणिक वाटलं. यात अवघड असं काही नाही आणि विकत आणावं लागेल असंही काही नाही. जवळपास सगळं फोनमध्येच असतं.

नवा अँड्रॉइड फोन सुरू झाला आणि पहिला पडदा आला की आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरायची. बहुतेक फोनवर टॉकबॅक तिथूनच सुरू होतो. आयफोन असेल तर बाजूचं बटण, जुन्यात होम बटण, तीनदा दाबलं की व्हॉइसओव्हर, म्हणजे आयफोनमधली तीच सोय. म्हणजे भाषा निवडण्यापासूनचा सगळा सेटअप ग्राहक स्वतः ऐकत ऐकत करू शकतो. त्याआधी दुकानाचं वायफाय तयार ठेवा, कारण मराठी आवाज बरेचदा उतरवून घ्यावा लागतो आणि तोवर फोन इंग्रजीत पुटपुटत बसतो. मराठी आवाज आला की पट्टी आणि वेग ग्राहकाच्या कानाने ठरवायचा, तुमच्या कानाने नव्हे. त्याच्याकडून एक वाक्य परत म्हणवून घ्या. चुकलं तर आणखी खाली, आणखी सावकाश. बडोद्यात एक वेगळी अडचण आहे: वीजबिलाचा किंवा महापालिकेचा संदेश गुजरातीत येतो आणि आत्याच्या फोनवर मराठी आवाज तिथे मुका होतो. म्हणून गुजराती आवाजही उतरवून ठेवा आणि भाषा कशी बदलायची तेही दाखवा.

टॉकबॅकचा आवाज गाण्यांच्या आवाजापासून वेगळा कमी-जास्त करता येतो. हे सांगितलं नाही, तर एखाद दिवशी भलताच आवाज शून्यावर जातो आणि माणूस अडकून पडतो. एका कानाने जास्त ऐकू येत असेल तर मोनो ऑडिओ (दोन्ही कानांत सारखाच आवाज) सुरू करा आणि तोल त्या कानाकडे झुकवा. एरवी अर्धा आवाज वाया जातो. पासवर्ड टाइप करताना अंक फक्त हेडफोनमध्येच ऐकू यावेत अशीही सोय टॉकबॅकमध्ये आहे, ती लावून द्या. पडदा अर्ध्या मिनिटात विझतो, तो वेळ जमेल तितका वाढवा. खालची तीन बटणं असलेली जुनी पद्धत ठेवा. ती एकाच जागी असतात, बोटांना सापडतात. कंपन जोरात ठेवा, कारण कान दगा देतील तिथे तळहात कामाला येतो.

याच कारणाने रिझर्व्ह बँकेचं मनी हे ॲप टाकून द्याच. २०२० च्या १ जानेवारीपासून ते आहे, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते बोलतं, आणि ज्याला ऐकूही येत नाही त्याला कंपनाने सांगतं. एकदा टाकलं की इंटरनेटही लागत नाही. या देशात आंधळ्या-बहिऱ्या माणसाचा दोन्ही बाजूंनी विचार करून केलेली फार थोडी ॲप मला सापडली, त्यातलं हे एक. बाकीच्यांची गंमत अशी, की चित्रातली अक्षरं ओळखा म्हणतात, दिसत नसेल तर ऐकून ओळखा म्हणतात, आणि दोन्ही जमत नसेल तर पुढे काहीच म्हणत नाहीत.

आणि शिकवताना तिचं बोट पकडून पडद्यावर ओढू नका. आधी दंडाला हलका स्पर्श करून आपण आलो आहोत हे कळू द्या. मग तुमचा हात खाली, तिचा हात वर, म्हणजे तुमचं बोट काय करतंय ते तिला कळतं आणि नको असेल तेव्हा ती हात काढू शकते. बधिरांध मुलांना शिकवणारे शिक्षक असंच करतात. गोंगाटात तर बोलूच नका. त्या दिवशी गरब्याच्या आवाजात मी आत्याच्या तळहातावर बोटाने देवनागरी अक्षरं काढत होते: एक अक्षर, मग पुसल्यासारखा तळहात फिरवायचा, मग पुढचं. 'बाजूला बटण' एवढं लिहिलं आणि तिने फोनच्या कडेवरून अंगठा फिरवून सेन्सर शोधून काढला. काउंटरवरचा दुसरा एक मुलगा बघत होता. नंतर त्याने स्वतःहून तिच्या हातावर किंमत लिहिली. त्या मुलाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, आणि आम्ही फोनही त्याच्याकडूनच घेतला.

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे आणि बधिरांधत्व त्याच्या अनुसूचीत बहुविकलांगतेखाली स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम ४२ रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधनं सर्वांना वापरता येतील अशी मिळावीत याची जबाबदारी सरकारवर टाकतं, आणि कलम ४६ सेवा देणाऱ्यांबद्दल बोलताना सरकारी आणि खासगी दोघांनाही धरतं. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत अशा माणसांची ती प्रकरणं होती. सिम घेताना माझ्या आत्यालाही "बा, आंख पटपटावो" असं सांगण्यात आलं. तिने पटपटावले, कॅमेरा नेमका कुठे आहे तेवढं तिला माहीत नव्हतं.

कोर्टकचेरीची भाषा मला तुमच्याशी करायची नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या गल्ल्यामागे सयाजीराव महाराजांची तसबीर आहे. त्यांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पुढे गावोगाव पेट्या भरभरून पुस्तकं पाठवली. वाचायला येताना घरचं माणूस सोबत आणा, अशी अट घातल्याचं आमच्या घरात तरी कुणाला आठवत नाही.

मागण्या अशा आहेत.

ती पाटी काढा. ज्यांनी लावलेली नाही त्यांनी तोंडी नियमही बंद करा.

प्रत्येक मोठ्या दुकानात निदान एका माणसाला टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर चालवता आला पाहिजे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. बधिरांधांसाठी काम करणारी सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था अहमदाबादलाच आहे, त्यांना विचारून बघा. या सेटअपचे वेगळे पैसे घ्यायचे असतील तर घ्या. आम्ही फुकट मागत नाही. दर लिहून लावा म्हणजे झालं.

खातं ग्राहकाच्याच नावाने, त्याच्याच नंबरवर, टॉकबॅक सुरू ठेवून उघडा. पासवर्ड ओरडून विचारू नका. तो त्याला स्वतः टाइप करू द्या, वेळ लागला तर लागू द्या.

सकाळी दुकान उघडल्यावरचा शांत तास अशा ग्राहकांसाठी आधी वेळ ठरवून द्या. डेमोचा फोन टॉकबॅक सुरू करून हातात द्या आणि श्रवणयंत्र जोडून बघू द्या. डबा न उघडता हे होऊ शकतं.

कुठल्या मॉडेलमध्ये ठशाचा सेन्सर बाजूच्या बटणात आहे आणि कुठलं श्रवणयंत्राला थेट जोडता येतं, याची यादी कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून लेखी घेऊन काउंटरवर ठेवा. ते दर आठवड्याला नवी पोस्टरं घेऊन येतातच.

सर्व्हिस सेंटरने टॉकबॅक सुरू आहे का हे आधी तपासावं, आणि ग्राहकाच्या लेखी होकाराशिवाय कुठलाही फोन रीसेट करू नये. चुकून केलाच, तर पूर्वीसारखा सेटअप करून द्यायची जबाबदारी सेंटरची.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांच्या दुकानात मी आणि आत्या एखाद्या सकाळी यायला तयार आहोत. ती शिकवेल, मी फक्त सोबत असेन. उत्तर मराठीत द्या, गुजरातीत द्या, हिंदीत द्या. पण फोन करू नका, लिहून पाठवा, म्हणजे ते तिलाही वाचता येईल.

आपली,
दांडिया बाजारातली एक ग्राहक